सायलेन्सर-फिल्टर बदलला, जेटही बदलला, तरी बुलेट फटाके मारतेच : नेमकं शोधायचं कसं

कार्बवाल्या (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर असलेल्या) बुलेटचा हा त्रास इतक्या लोकांना आहे की एकदा सगळं सविस्तर लिहायलाच हवं होतं. गोष्ट साधारण सगळीकडे सारखी असते. २०२० च्या आधीची क्लासिक ३५०, इलेक्ट्रा किंवा थंडरबर्ड, त्यावर शॉर्ट बॉटल नाहीतर गोल्ड स्टार टाईपचा फ्री फ्लो सायलेन्सर बसवला, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा कोन फिल्टर लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून ॲक्सिलेटर सोडला की फटाके, मधल्या रेसला धक्के, आणि घाटात तिसऱ्यावर टाकली की गाडी ओढतच नाही. मग कोणीतरी सांगतं मेन जेट (कार्बमधला मापाच्या भोकातून पेट्रोल सोडणारा छोटा पितळी तुकडा) मोठा टाक, टाकतो, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच, वर मायलेज पस्तीसचं पंचवीस. मग अजून मोठा जेट. असं करत करत प्लग काळाकुट्ट होतो पण फटाके काही थांबत नाहीत.

फटाके थांबत नाहीत कारण ॲक्सिलेटर बंद असताना मेन जेटचा काही संबंधच नसतो. जेट बदलूनही त्रास परत येतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड एका ठिकाणी असतो आणि बदल दुसऱ्याच ठिकाणी झालेला असतो. म्हणून जेट विकत घ्यायच्या आधी गाडी नक्की कुठल्या ॲक्सिलेटरला बिघडते ते शोधा, बाकी सगळं नंतर.

आधी हे का होतं ते बघू. मूळचा एअरबॉक्स इंजिनला थोडं रोखून श्वास घ्यायला लावतो, त्यामुळे कार्बच्या घशात चांगला व्हॅक्यूम तयार होतो आणि तो व्हॅक्यूम जेटमधून पेट्रोल वर ओढतो. तुम्ही बॉक्स काढला की हवा कमी ओढीत सहज आत येते, म्हणजे हवा वाढली आणि पेट्रोल ओढणारा जोर मात्र कमी झाला. मिक्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं ते इथे. नुसत्या सायलेन्सरने एवढा फरक पडत नाही, नुसता स्लिप-ऑन (पाईप मूळचाच ठेवून फक्त मागचा सायलेन्सर) बसवला असेल आणि एअरबॉक्स मूळचाच असेल तर बऱ्याचदा मिक्चरचा स्क्रू थोडा फिरवून काम भागतं, फार तर मेन जेट एक टप्पा वर. खरा घोळ फिल्टर बदलल्यावर होतो आणि दोष मात्र सायलेन्सरला मिळतो कारण आवाज तिथून येतो.

युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या नव्या) इंजिनच्या ३५० ला मिकुनी डिझाईनचा २९ मिमीचा सीव्ही कार्ब असतो, युकालने बनवलेला. सीव्ही म्हणजे तुमच्या ॲक्सिलेटरच्या केबलने फक्त फुलपाखरासारखी चकती उघडते, स्लाईड (कार्बच्या घशात वर-खाली होणारा अडसर) मात्र व्हॅक्यूमवर रबरी डायफ्रामने वर जाते आणि तिच्याबरोबर पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला मिकार्बचा व्हीएम टाईपचा कार्ब होता, त्यात केबल थेट स्लाईडच उचलते. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण दोघांचा मिक्चर स्क्रू उलटा चालतो आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. व्हीएमचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की मिक्चर लीन. सीव्हीचा स्क्रू इंजिनच्या बाजूला, पितळी टोपणाखाली लपलेला असतो, तो पेट्रोलचा स्क्रू, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. जुन्या बुलेटवर हात बसलेला माणूस क्लासिकला त्याच सवयीने स्क्रू आत मारतो आणि गाडी आणखी लीन करून ठेवतो. कुठल्याही कार्बसाठी हे पाठ करून ठेवा, स्क्रू इंजिनकडे तर पेट्रोलचा, फिल्टरकडे तर हवेचा.

आता चाचणी. पांढरी चिकटपट्टी घ्या, एक तुकडा ॲक्सिलेटरच्या ग्रिपवर आणि एक शेजारच्या स्विचच्या डब्यावर. ग्रिपवर एक रेघ, डब्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा. पाच मिनिटांचं काम आहे आणि याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. इंजिन चांगलं गरम करा, वर्दळ नसलेला एखादा लांब चढ शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये एकेका खुणेवर ॲक्सिलेटर धरून ठेवा आणि गाडी काय करते बघा. स्पीड नाही बघायचा, खूण बघायची. बंद ते पावच्या आतला त्रास पायलट जेट (आयडलिंग आणि कमी रेसला पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि मिक्चर स्क्रूचा. पाव ते पाऊण सुईचा. पाऊणच्या वर मेन जेट. हद्दी एकमेकांत मिसळतात पण एवढ्यावर नव्वद टक्के निदान होतं.

लीन आहे का रिच हे कळायला चोक वापरा. ज्या खुणेवर गाडी अडखळते तिथे धरून चोक अर्धा ओढा, सुधारली तर लीन, अजून बिघडली तर रिच. मेन जेटसाठी अजून एक खूण आहे, पूर्ण ॲक्सिलेटरवरून किंचित मागे आलं आणि गाडी उलट जरा पुढे सरकल्यासारखी वाटली तर मेन लहान आहे. पूर्ण ॲक्सिलेटरला भडभड करत अडखळत चालली आणि मागे धूर काळसर असेल तर मेन मोठा आहे, आणि फटाक्यांच्या मागे लागून मेन चढवत गेलेल्या गाड्या बहुतेक याच अवस्थेत सापडतात.

पण थांबा, अजून कार्ब उघडायचा नाही. आधी फुकटची हवा कुठून आत येतेय का ते बघायचं, कारण लिकेज असताना केलेलं जेटिंग लिकेजपुरतंच बरोबर असतं, ते वाढलं किंवा बंद झालं की सगळं परत बिघडतं. वारंवार परत येणाऱ्या केसेसमध्ये हेच जास्त सापडतं. कार्ब आणि हेडच्या मधला रबरी मॅनिफोल्ड हाताने वाकवून बघा, जुन्या गाडीत त्याला खालच्या बाजूने चिरा पडलेल्या असतात आणि वरून काहीच दिसत नाही. गाडी आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी मारा, आयडलिंगचा आवाज बदलला तर तिथून हवा येतेय. लोक कार्ब क्लीनर मारतात, गरम इंजिनवर मला ते पटत नाही, पाण्याने काम होतं.

मग बेंड पाईप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा पाईप. नवा सायलेन्सर बसवताना हेडजवळची गॅस्केट जुनीच ठेवली जाते, नाहीतर सायलेन्सरचा क्लॅम्प पाईपवर नीट बसत नाही. जोडाभोवती काळी काजळी दिसली म्हणजे लिकेज आहे. जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबा, हात भाजणार नाही असं बघून, जोडातून फसफस ऐकू आली तर आधी ते बंद करा. ॲक्सिलेटर सोडल्यावर या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं मिक्चर गरम पाईपमध्ये पेटतं आणि फटाका वाजतो. कार्ब कितीही सुरेख ट्यून करा, ही फट असेपर्यंत आवाज जाणार नाही.

तिसरी गोष्ट पीएव्ही, म्हणजे प्रदूषण कमी करायला एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी नळी आणि तिचा व्हॉल्व्ह. मूळच्या बंदिस्त सायलेन्सरमध्ये तिचे छोटे फटाके ऐकूच येत नाहीत, फ्री फ्लोमध्ये तेच बंदुकीसारखे वाजतात. तात्पुरती ती नळी हलक्या पकडीने चिमटून एक चक्कर मारा. फटाके गेले किंवा खूप कमी झाले तर कार्ब बहुतेक निर्दोष आहे. त्या व्हॉल्व्हची बारीक व्हॅक्यूम नळी तडकलेली असली तरी मॅनिफोल्डमध्ये हवा जाते, ती बदला. आणि कोणी पीएव्ही काढून टाकलेला असेल तर त्याची तोंडं नीट बंद केलीत का ते बघा, अर्धवट उघडी राहिलेली नळी मी बऱ्याच गाड्यांवर बघितलीय.

आता एक केस सांगतो म्हणजे बारकावा कळेल. साताऱ्याच्या माझ्या मावसभावाची क्लासिक ३५०. अर्ध्या ॲक्सिलेटरला गाडी जागच्या जागी गुरगुरायची, वर चढायचीच नाही, आणि दोन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये मेन जेट वर-खाली करून झालेला. चिकटपट्टीची चाचणी केली तर पावपर्यंत गाडी छान, पूर्ण ॲक्सिलेटरला एकदम अचानक जोर, आणि मधे खड्डा. म्हणजे स्लाईड वेळेवर उचलत नव्हती. डायफ्राम काढून उजेडासमोर धरला, कुठे भोक नाही. मग कोन फिल्टर काढून कार्बच्या तोंडाकडे बघितलं. सीव्ही कार्बच्या तोंडाशी, मुख्य गोल रस्त्याच्या कडेला, बारीक वाटा असतात, एक-दोन एअर जेटच्या आणि एक डायफ्रामच्या खालच्या बाजूला हवा देणारी. त्या फिल्टरची रबरी कॉलर आतून इतकी जाड होती की तिने डायफ्रामची ती वाट जवळजवळ पूर्ण झाकली होती, रबरावर त्या भोकाचा अर्धचंद्रासारखा ठसासुद्धा उमटला होता. खालून हवाच मिळत नसेल तर स्लाईड वर जाणार कशी? कॉलर आतून धारदार पात्याने तासली, मेन जेट मूळचाच परत टाकला, आणि नंतर फक्त एकच टप्पा वर न्यावा लागला. कोन फिल्टर लावलेला असेल तर जेटला हात लावण्याआधी हे एकदा बघाच. आणि खरं सांगायचं तर सीव्ही कार्बच्या तोंडावर थेट कोन फिल्टर ही जोडी मला आवडतच नाही, मूळच्या एअरबॉक्समध्ये चांगला फिल्टर टाकला तर मधली रेस कितीतरी गुळगुळीत राहते, आणि पावसात फिल्टर भिजत नाही.

हे सगळं ठीक असेल तर मग कार्ब उघडा. पेट्रोल कॉक बंद, खालच्या ड्रेन स्क्रूने कार्बची पेट्रोल साठणारी वाटी रिकामी, सिगारेट-देवाची उदबत्ती जवळपास काही नको. कार्बवरच्या थ्रॉटल सेन्सरचा कनेक्टर सांभाळून काढा आणि सेन्सरचे स्क्रू अजिबात सैल करू नका, त्यावर इग्निशनचं टायमिंग अवलंबून आहे. वाटीचे स्क्रू जपानी खाचेचे असतात, साधा चौफुली स्क्रू ड्रायव्हर निसटून खाच खातो, नीट बसणारा घ्या आणि जमलं तर परत बसवताना ॲलन बोल्टच टाका. मग आत जे जेट आहेत त्यांच्यावरचे आकडे वाचून लिहून ठेवा. गाडी सेकंडहँड असेल तर आत कंपनीचेच जेट आहेत असं धरून चालू नका. भोकाभोवती ओरखडे दिसले तर कोणीतरी तार मारून ते मोठं केलेलं आहे, त्यावरच्या आकड्याला मग अर्थ उरत नाही, तो जेट बदला. जेट साफ करायचा तो कार्ब क्लीनर आणि हवेने, स्टीलच्या तारेने कधीच नाही.

जेट घेताना ओरिजिनल मिकुनी किंवा युकालचा घ्या. पुण्यात नाना पेठेत दहा प्रकारचे मिळतात, स्वस्तातल्या पाकिटातले दोन ११५ एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या कार्बचे आकडे इथे लावू नका, केहिनचा ११५ आणि मिकुनीचा ११५ एकच नव्हे, मोजायची पद्धतच वेगळी आहे. मेनचे दोन-तीन मोठे टप्पे आणि पायलटचा एक, एवढे आणून ठेवले की झालं.

सुरुवात मी पायलटपासून करतो. काहीजण मेनपासून करतात, तेही चालतं, पण पायलटचं थोडं पेट्रोल वरच्या रेसलाही येत असतं म्हणून खालचं आधी बसलेलं बरं. सीव्हीचं पितळी टोपण काढल्यावर स्क्रू हळूच आत पूर्ण बसेपर्यंत मोजत फिरवा, किती वेढे होते ते लिहा, जोर लावू नका नाहीतर टोक जाईल. मग दोन वेढे बाहेर. इंजिन गरम, आयडलिंग जरा वर, आणि पाव-पाव वेढा फिरवत सगळ्यात वरचं आणि स्थिर आयडलिंग जिथे मिळतं ती जागा शोधा, दर वेळी थोडं थांबून, कारण फरक लगेच ऐकू येत नाही. जागा एक ते तीन वेढ्यांच्या मधे सापडली तर पायलट जेट बरोबर आहे. तीनच्याही पुढे गाडी सुधारतच राहिली तर पायलट एक टप्पा मोठा टाका, एकच्या आत सापडली तर लहान. फटाक्यांचं नव्वद टक्के काम इथेच होतं. इथे पीयूसीवाल्याचं मशीन फार उपयोगी पडतं, ओळखीचा असेल तर त्याला सांगून आयडलिंगचं सीओ (कार्बन मोनॉक्साईड) बघत स्क्रू लावा. आकडा शून्याच्या जवळ रेंगाळत असेल आणि गाडी फटाके मारत असेल तर लीनच आहे. २००० नंतरच्या, बीएस ३ पर्यंतच्या गाडीला पीयूसीची मर्यादा ३.५ टक्के आहे, पण तिथपर्यंत न्यायची काही गरज नसते.

मग मेन. एका वेळी एकच टप्पा वर जा, पूर्ण ॲक्सिलेटरची चाचणी, प्लग बघा. युसीईला दोन प्लग आहेत, दोन्ही बघा. पूर्ण ॲक्सिलेटरवर थोडं अंतर धरून तिथेच किल स्विच आणि क्लच एकदम, मग थांबून प्लग काढायचा, आयडलिंगवर घरी येऊन काढलेला प्लग पूर्ण ॲक्सिलेटरबद्दल काहीच सांगत नाही. दुधाळ कॉफीसारखा रंग असतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आजच्या पेट्रोलवर तो जरा पांढराच दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊन मेन चढवू नका, गाडी ओढते कशी ते आधी. आणि पूर्ण ॲक्सिलेटरला गाडी आधी बरी ओढून काही सेकंदांनी दम तोडत असेल तर तो जेट नसून पेट्रोल पुरत नाहीये. टाकीच्या झाकणाचा व्हेंट, कॉकची जाळी, फ्लोटची उंची. ड्रेन नळी बाटलीत सोडून स्क्रू उघडा, धार एकसारखी चालू राहिली पाहिजे.

सुई शेवटी. मूळच्या सुईला बऱ्याचदा क्लिपच्या खाचाच नसतात, अशा वेळी सुईखाली अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वॉशर टाकून ती वर उचलायची, वर म्हणजे रिच. एक वॉशर टाकून बघा, दुसरा क्वचितच लागतो. स्लाईडला भोकं पाडणं, स्प्रिंग कापणं, हे उद्योग करू नका, मागे फिरता येत नाही. सुई झाली की मिक्चर स्क्रू परत एकदा तपासायचा.

एवढं नीट केल्यावरही दोन-तीन वर्षांनी तक्रार परत येते आणि माणूस सायलेन्सरवाल्याला शिव्या देतो. यातलं एक मोठं कारण पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर ते भरून काढतो, कार्बला मात्र कळायची सोयच नाही, तो तेवढंच पेट्रोल सोडणार. म्हणजे जुन्या पेट्रोलवर अगदी बरोबर बसवलेली गाडी आता काही न बदलता लीन झालीय. अशा गाडीला मिक्चर स्क्रू अर्धा वेढा रिचकडे आणि मेन एखादा टप्पा वर द्यावा लागतो. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो आणि लक्षणं हुबेहूब खराब जेटिंगची येतात. जेट शोधण्याआधी ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या पेल्यात बघा, पाणी खाली वेगळं दिसतं. जुने रबरी ओ-रिंग आणि फ्लोट व्हॉल्व्हचं टोकही त्याने फुगतं किंवा कडक होतं.

उंचीचं विचारतात म्हणून. महाबळेश्वर-पाचगणीला जाताना गाडी किंचित रिच होते, त्यासाठी काही बदलू नका. लडाखची गोष्ट वेगळी, खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरासा वर, पुण्यात काठोकाठ रिच बसवलेली गाडी तिथे काळा धूर ओकते. जायचं असेल तर एक टप्पा लहान मेन बरोबर ठेवा.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही ३ महिने जातं. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडलेले सगळ्यांनी बघितलेत. म्हणून मूळचा सायलेन्सर, एअरबॉक्स आणि मूळचे जेट एकाच पिशवीत ठेवा, आणि मूळचा सायलेन्सर परत चढवला तर जेटही त्याच दिवशी मूळचे टाका. मोठ्या मेन जेटवर मूळचा सायलेन्सर आणि बॉक्स चालवला की आठवड्यात प्लग काळे होतात, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरवरचं ऑईल धुवून खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं. ऑईल भरायचं झाकण काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर ऑईल लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.